लाळ, पेपर पॉइंट की क्युरेट? तोंडातील जीवाणूंचा नमुना घेण्याच्या पद्धतींची तुलना

पेरिओडॉन्टिक्समध्ये (हिरडीच्या आजारांच्या शाखेत) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी, करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हिरडीच्या जुनाट आजाराचे 30 रुग्ण घेऊन, स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (दात व मुळे खरवडून साफ करणे) करण्यापूर्वी व त्यानंतर 6 आठवड्यांनी त्यांच्या तोंडातील जीवाणूंची तुलना करणे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आहे. मार्गदर्शकांनी पेपर पॉइंट (द्रव शोषून घेणारे कागदाचे निमुळते कोन) सुचवले आहेत, एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मते क्युरेटशिवाय (मूळ खरवडण्याच्या हत्याराशिवाय) खरा नमुना मिळत नाही, तर तपासणी करून देणारी प्रयोगशाळा म्हणते की लाळ पाठवली तरी काम भागेल. यांपैकी सर्वांत चांगली पद्धत कोणती?

माझे उत्तर असे की या अभ्यासासाठी पेपर पॉइंट घ्यावेत. मात्र ते ‘सर्वांत चांगले’ आहेत म्हणून नव्हे, तर तुमच्या प्रश्नाला लागू पडतात म्हणून. तिन्ही पद्धतींनी तोंडातील जीवाणूच हाती येतात, पण ते तीन वेगवेगळ्या वस्त्यांतले असतात. त्यामुळे एकीचा निष्कर्ष दुसरीच्या नावावर लिहिता येत नाही, हे प्रबंधाचा आराखडा करतानाच मनाशी पक्के असावे.

आपण बोलताना ‘तोंडातील जीवाणू’ असा एकच शब्दप्रयोग करतो, पण जीवाणूंच्या दृष्टीने तोंड ही एक जागा नाही. जिभेचा खडबडीत पृष्ठभाग, गालाची आतली त्वचा, दाताचा उघडा भाग, हिरडीखालची फट आणि टॉन्सिल या प्रत्येक ठिकाणी ऑक्सिजन वेगळा, ओलावा वेगळा आणि अन्नही वेगळे असते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रकल्पात 242 निरोगी प्रौढांचे नमुने घेतले गेले, तेव्हा केवळ तोंड आणि घसा यांतूनच 9 वेगवेगळ्या जागा निवडल्या होत्या, त्या याच कारणासाठी. त्याही आधी, 1683 मध्ये, नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातील लेवेनहोक या भिंगातून सूक्ष्मजीव पाहणाऱ्या संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या तोंडातील जीवाणूंबद्दल जे पत्र लिहिले, त्यातही नमुन्याची जागा स्पष्ट नोंदवलेली आहे: दातांच्या मधल्या फटीत साठलेला, भिजवलेल्या पिठासारखा पांढरा पदार्थ. तो त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात किंवा स्वतःच्या लाळेत कालवून भिंगाखाली पाहिला. काय घेतले, कोठून घेतले आणि कशात मिसळले, या तिन्ही गोष्टी त्या पत्रात आहेत. आजच्या कित्येक प्रबंधांत त्या तिन्ही एकत्र सापडत नाहीत.

आता लाळेकडे वळू. लाळ ग्रंथीतून निघते तेव्हा जवळजवळ निर्जंतुक असते. तोंडात आल्यावर तिच्यात जे मिसळते ते सगळीकडून सुटलेले जीवाणू असतात, आणि त्यांत मोठा वाटा जिभेचा असतो. स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियससारख्या जिभेवरच्या जाती लाळेत भरपूर मिळतात. 1 मिलिलिटर लाळेत साधारण 10 कोटी जीवाणू असतात. ही संख्या मोठी वाटते, पण दातावरचा ओला प्लाक, म्हणजे जीवाणूंचा चिकट थर, इतका दाट असतो की त्याच्या एका मिलिग्रॅममध्येच जवळपास तेवढे जीवाणू मावतात. म्हणून 7 मिलिमीटर खोल पॉकेटच्या (आजारामुळे दात आणि हिरडी यांच्यात खोल झालेल्या फटीच्या) तळाशी असलेल्या विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या, जीवाणूंचा लाळेतला अंश फार थोडा असतो. हिरडीच्या आजाराशी जोडला जाणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जीवाणू रुग्णाच्या तोंडात आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर संवेदनशील पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून जीवाणू ओळखणाऱ्या चाचणीने) लाळेतूनही बऱ्याचदा उत्तर मिळते. पण तो कोणत्या पॉकेटमध्ये आहे आणि उपचाराने त्या पॉकेटमध्ये काय बदलले, हे लाळ सांगू शकत नाही. प्रयोगशाळेचे म्हणणे त्यांच्या सोयीच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु तुमच्या प्रश्नासाठी ते पुरेसे नाही.

लाळेचेही दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. रुग्णाला मान थोडी खाली घालून 5 मिनिटे शांत बसवून, तोंडात जमलेली लाळ आपोआप नळीत ओघळू दिली की ती अनुत्तेजित लाळ होते. ती मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर मिळते. पॅराफिनचा तुकडा चघळायला दिला की लाळ कित्येक पटींनी वाढते, पण चघळण्यामुळे दातांवरचा प्लाक आणि गालाच्या पेशीही सुटून तिच्यात येतात. दात किडण्याचा धोका पाहण्यासाठी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सची संख्या मोजताना चघळून घेतलेली लाळ वापरतात, आणि तेथे ते योग्यच आहे, कारण दातावरचे जीवाणू लाळेत उतरावेत हीच तेथे अपेक्षा असते. शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत तर लाकडी पट्टी जिभेवर फिरवून ती थेट निवडक अगारवर (ठरावीक जीवाणूच वाढू देणाऱ्या माध्यमावर) दाबण्याची साधी पद्धतही उत्तम काम देते. एकाच अभ्यासात मात्र काही रुग्णांची लाळ चघळून आणि काहींची न चघळता घेतलेली असेल, तर ती आकडेवारी पुढे कोणत्याही गणिताने सुधारता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा पेपर पॉइंट आणि क्युरेट यांच्यातील फरकात आहे. हिरडीखालचा प्लाक म्हणजे एकसंध गाळ नव्हे. दाताच्या मुळाला घट्ट चिकटलेला एक थर असतो, आणि त्याच्या बाहेर, हिरडीच्या बाजूला, सैलसर तरंगता थर असतो, ज्यात हालचाल करणारे स्पायरोकीट (नागमोडी जीवाणू) आणि विनॉक्सी जीवाणू मोठ्या प्रमाणात असतात.  पेपर पॉइंट पॉकेटमधला द्रव आणि त्यासोबत सैल थर उचलतो, घट्ट थराला तो जवळपास हात लावत नाही. क्युरेट मुळावरून खरवडून दोन्ही थर एकत्र काढतो. आजाराशी ज्यांचा संबंध अधिक जोडला जातो ते जीवाणू सैल थरात जास्त असल्याने पेपर पॉइंटच्या नमुन्यात त्यांचे प्रमाण जास्त दिसू शकते, तर क्युरेटच्या नमुन्यात मुळाला चिकटून राहणाऱ्या जातींचा वाटा वाढतो. ज्येष्ठ सहकारी म्हणतात तो ‘खरा नमुना’ आणि मार्गदर्शक सुचवतात तो नमुना, दोन्ही खरे आहेत. दोहोंत वेगवेगळा थर बोलतो, इतकेच.

क्युरेटची बाजू कमकुवत आहे असे कोणी समजू नये. बोस्टनच्या फोर्सिथ संस्थेतील सॉक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ज्या कामातून पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेन्टिकोला या हिरडीच्या आजाराशी जोडल्या जाणाऱ्या त्रयीला ‘रेड कॉम्प्लेक्स’ म्हणून ओळख मिळवून दिली, त्यात 185 व्यक्तींच्या दातांवरून घेतलेले 13,000 हून अधिक नमुने होते, आणि ते क्युरेटनेच घेतलेले होते. हिरडीवरचा प्लाक आधी काढून टाकून मग खालचा नमुना घ्यायचा, हा क्रमही त्यात पाळला होता. एका वेळेची स्थिती पाहायची असेल, एका रुग्णाच्या प्रत्येक दाताचे चित्र हवे असेल, किंवा जीवाणूंचे वस्तुमान जास्त हवे असेल, तर मीही क्युरेटच उचलेन.

परंतु तुम्हाला त्याच जागेवर पुन्हा यायचे आहे, आणि येथे क्युरेट आडवा येतो. क्युरेटने नमुना घेणे म्हणजे त्या जागेचे थोडेसे स्केलिंग करणेच होय. पहिल्या भेटीत खरवडलेली जागा ही आता उपचार न झालेली जागा राहत नाही. तुमच्या अभ्यासात नमुन्यानंतर लगेच उपचारच होणार असल्याने हा दोष काहीसा झाकला जाईल, पण तुलनेसाठी उपचार न केलेला गट ठेवणार असाल किंवा पुढे 3 महिन्यांनी तिसरा नमुना घेण्याचा विचार असेल, तर नमुन्याने झालेला बदल कोणता आणि उपचाराने झालेला कोणता, हे वेगळे काढता येणार नाही. शिवाय क्युरेटच्या एका ओढीत किती प्लाक आला हे हाताच्या दाबावर अवलंबून असते, आणि दोन व्यक्तींचे हात कधीच सारखे नसतात.

पेपर पॉइंटचाही एक मोठा दोष आहे आणि तुमच्या आराखड्यात तो नेमका समोर येणार आहे. पेपर पॉइंट द्रव शोषतो. उपचारापूर्वी सुजलेल्या पॉकेटमध्ये द्रव भरपूर असतो, तर 6 आठवड्यांनी सूज उतरलेली असते, द्रव कमी झालेला असतो, आणि 7 मिलिमीटरचे पॉकेट कदाचित 4 मिलिमीटरवर आलेले असते. तोच पेपर पॉइंट तितकाच वेळ ठेवला तरी दुसऱ्या वेळी तो कमी द्रव उचलेल आणि कमी खोल जाईल. म्हणजे जीवाणूंची एकूण संख्या घटलेली दिसली, तरी त्या घटीचा काही भाग केवळ शोषणातील फरकाचा असेल. यावर उपाय एवढाच की एकूण जीवाणूंची संख्या आणि त्या एकूण संख्येत विशिष्ट जातीचे प्रमाण, असे दोन्ही आकडे द्यावेत, आणि चर्चेच्या प्रकरणात हे कारण स्वतः होऊन लिहावे. परीक्षकांनी विचारण्याची वाट पाहू नये.

प्रत्यक्ष नमुना कसा घ्यावा हे थोडे जवळून सांगतो, कारण चुका येथेच होतात. पॉकेटची खोली मोजण्याचे काम आणि नमुना घेण्याचे काम एकाच दिवशी करू नये. प्रोब (खोली मोजण्याची सळई) फिरवला की सुजलेली हिरडी रक्त सोडते, पेपर पॉइंट लाल होऊन बाहेर येतो, आणि रक्तातील हीम पीसीआरची क्रिया अडवते. म्हणून एका भेटीत चार्टिंग (खोलीची मोजणी आणि नोंद) करून सर्वांत खोल जागा ठरवाव्यात, आणि काही दिवसांनी बोलावून, प्रोब न लावता, नमुना घ्यावा. त्या दिवशी कापसाचे रोल लावून दात लाळेपासून वेगळा करावा, हिरडीच्या वरचा प्लाक निर्जंतुक स्केलरने किंवा कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसून काढावा, आणि हवेचा फवारा पॉकेटमध्ये न मारता दातावरून तिरका सोडून जागा कोरडी करावी. मग चिमट्याने पेपर पॉइंट धरून, गालाला, ओठाला किंवा शेजारच्या दाताला न लावता, हलका अडथळा जाणवेपर्यंत आत सरकवावा. 10 ते 30 सेकंदांपैकी जी वेळ ठरवाल ती सर्व रुग्णांसाठी आणि दोन्ही भेटींसाठी तीच ठेवावी, आणि ती अंदाजाने नव्हे तर घड्याळ लावून मोजावी. पेपर पॉइंटची कंपनी आणि जाडीही मध्येच बदलू नये. बाहेर काढताना तो ओठाला टेकला तर टाकून द्यावा आणि त्या दिवशी त्या जागेऐवजी आधीच ठरवलेली पर्यायी जागा घ्यावी.

इतर पद्धतींविषयी थोडक्यात. स्वॅब हा गाल, टाळू आणि जीभ यांसाठी ठीक आहे, पॉकेटसाठी मुळीच नाही. कापसाचा स्वॅब जीवाणू धरून ठेवतो, त्यामुळे आखूड तंतूंचा नायलॉनचा स्वॅब बरा. गालाच्या स्वॅबमध्ये माणसाच्या पेशी इतक्या येतात की संपूर्ण डीएनएचे सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणे) केल्यास मोठा भाग मानवी डीएनएचाच निघतो. जिभेचा नमुना घेताना टोकाकडून न घेता मागच्या भागाकडून खरवडून घ्यावा, कारण दुर्गंधीशी संबंधित जीवाणूंचा साठा तेथे असतो. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने खळखळून चूळ भरून घेण्याची पद्धत कॅन्डिडा या बुरशीच्या मोजणीसाठी उपयोगी पडते. हिरडीच्या आजारासाठी मात्र तिला लाळेच्याच मर्यादा आहेत, आणि शिवाय पातळपणा.

रूट कॅनॉल आणि गळू यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे जीवाणू कमी आणि बाहेरून येणारे दूषण जास्त असते. रूट कॅनॉलमध्ये रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावल्यावर दात आणि डॅम दोन्ही जंतुनाशकाने पुसतात, आणि सोडियम हायपोक्लोराइट वापरले असेल तर सोडियम थायोसल्फेटने त्याचा प्रभाव निष्क्रिय करतात, नाहीतर कॅनॉलमधले जीवाणूही मरून नमुना खोटा निगेटिव्ह येतो. त्यानंतर दाताच्या पृष्ठभागावरून एक स्वॅब नियंत्रण म्हणून घेतात. त्या स्वॅबवर वाढ दिसली, तर कॅनॉलचा नमुना कितीही चांगला असला तरी तो बाद धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गळूचा पू फोडून वाहू देऊन स्वॅबने टिपण्यापेक्षा, वरचा भाग निर्जंतुक करून सुईने ओढून घ्यावा. सिरिंजमधली हवा काढून, टोक बंद करून ती तत्काळ प्रयोगशाळेत पोचवावी, कारण त्यातील बहुतेक महत्त्वाचे जीवाणू विनॉक्सी असतात.

विनॉक्सी जीवाणूंच्या बाबतीत नमुना घेण्याइतकेच महत्त्व तो नेण्याला असते, आणि हे मी फार महागात शिकलो. सुरुवातीच्या काळात, कल्चरवर (जीवाणू माध्यमात वाढवून पाहण्यावर) आधारलेल्या एका छोट्या अभ्यासात, आम्ही सकाळी घेतलेल्या पेपर पॉइंटच्या नळ्या ओपीडी संपेपर्यंत टेबलावरच ठेवत असू आणि दुपारी अडीचच्या सुमारास एकत्र पाठवत असू. मे महिना होता, खोलीत पंखा फिरत होता, आणि माध्यम म्हणून साधे निर्जंतुक सलाइन होते. सुरुवातीच्या 11 रुग्णांमध्ये पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस एकाही पॉकेटमधून वाढला नाही, स्ट्रेप्टोकॉकाय मात्र प्लेटभर पसरले होते. काही दिवस आम्ही असा समज करून घेतला की आपल्या रुग्णांत हा जीवाणूच कमी आहे. नंतर विनॉक्सी जीवाणूंसाठी बनवलेले क्षपित (ऑक्सिजन काढून टाकलेले) वाहक द्रव वापरून आणि नमुने तासाभरात पोचवून पुन्हा घेतले, तेव्हा त्याच प्रकारच्या रुग्णांत त्याच्या काळ्या वसाहती रक्त-अगारवर दिसू लागल्या. जीवाणू रुग्णांत होते. ते आमच्या टेबलावर मेले होते. तो अभ्यास आम्हाला पहिल्यापासून करावा लागला, आणि ज्या रुग्णांनी विश्वासाने वेळ दिला होता त्यांचे ते नमुने वाया गेले, याची खंत मला आजही आहे.

तुम्ही पीसीआर किंवा सिक्वेन्सिंग करणार असल्याने जीवाणू जिवंत राहण्याची अट नाही, पण म्हणून निष्काळजी राहता येत नाही. नमुना उबेत राहिला तर काही जीवाणू नळीतच वाढतात, काहींचा डीएनए मोडतो, आणि प्रमाण बदलते. पेपर पॉइंट लगेच बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकून बर्फावर ठेवावा आणि त्याच दिवशी उणे 80 अंशांवर न्यावा. तेथे वारंवार वितळवून पुन्हा गोठवू नये. डीएनए मृत जीवाणूंचाही येतो, म्हणून उपचारानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात मेलेल्यांचीच मोजणी होऊ शकते. 6 आठवड्यांच्या अंतराने ही अडचण बरीच कमी होते. सिक्वेन्सिंगमधून केवळ टक्केवारी मिळते, हेही विसरू नये. उपचाराने एकूण जीवाणू दहापटीने घटले आणि सगळ्या जाती सारख्याच घटल्या, तर टक्केवारीत काहीच बदल दिसणार नाही. यासाठी एकूण जीवाणूंची मोजणी करणारा रिअल-टाइम पीसीआर सोबत हवाच.

तुमच्या 30 रुग्णांसाठी मी असे करीन. प्रत्येक चतुर्थांशातील सर्वांत खोल एक, अशा 4 जागा चार्टिंगच्या दिवशी ठरवून नोंदवीन, आणि 6 आठवड्यांनंतरच्या भेटीतही त्याच 4 जागांवर येईन, मग त्या आता खोल असोत वा नसोत. चारही नमुने एका नळीत एकत्र केल्यास खर्च एक चतुर्थांश होतो आणि रुग्ण हेच विश्लेषणाचे एकक राहते. वेगळे ठेवल्यास जागेनुसार माहिती मिळते, पण एकाच तोंडातील चार जागा म्हणजे चार स्वतंत्र रुग्ण नव्हेत, हे सांख्यिकीतज्ज्ञाला आधीच सांगावे लागते. एमडीएसच्या मुदतीत आणि खर्चात मी एकत्र करणेच पसंत करीन. त्याच बैठकीत, पेपर पॉइंटच्या आधी, 2 मिलिलिटर अनुत्तेजित लाळही घ्यावी. ती पॉकेटच्या जागी वापरण्यासाठी नव्हे, तर पॉकेटमधला बदल लाळेत कितपत उमटतो हे पाहण्यासाठी. तुमच्या प्रयोगशाळेच्या मूळ दाव्याचे उत्तरही त्यातूनच मिळेल.

रुग्णांच्या बाबतीत काही गोष्टी आपल्याकडे विशेष विचाराव्या लागतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक स्त्रिया मनापासून ‘नाही’ म्हणतात आणि रोज सकाळी मिश्री लावतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते दात घासणे असते. म्हणून ‘दात कशाने घासता?’ असा वेगळा प्रश्न विचारावा. मागच्या 3 महिन्यांत प्रतिजैविके घेतली आहेत का, हे विचारताना औषधाचे नाव विचारून भागत नाही. ताप, खोकला किंवा जुलाबासाठी डॉक्टरांकडून वा दुकानातून गोळ्या आणल्या होत्या का, असे विचारले की खरे उत्तर मिळते. दोन्ही नमुने सकाळच्या एकाच वेळी, खाणे किंवा दात घासणे झाल्यावर निदान 2 तासांनी घ्यावेत, आणि एक नमुना कडक उपवासाच्या दिवशी, दुसरा नेहमीच्या दिवशी असे होऊ देऊ नये, कारण उपवासात लाळ घटते.

शेवटी प्रयोगशाळेला काम देण्यापूर्वी त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. ग्राम-पॉझिटिव्ह जीवाणूंची जाड भिंत फोडण्यासाठी डीएनए काढताना ते बारीक मण्यांनी घुसळण्याची किंवा योग्य एन्झाइमची पायरी वापरतात का, हा पहिला प्रश्न. नाही म्हणाले तर तुमच्या निकालात स्ट्रेप्टोकॉकाय आणि ॲक्टिनोमायसीस खोटे कमी दिसतील. दुसरे, प्रत्येक बॅचसोबत तुम्ही पाठवाल ते कोरे पेपर पॉइंट, म्हणजे पाकीट उघडून, चिमट्याने धरून, तोंडात न घालता थेट बफरच्या नळीत टाकलेले, ते बाकीच्या नमुन्यांइतक्याच पूर्ण प्रक्रियेतून नेतील का. त्या नळ्यांवर ‘कोरा’ असे लिहू नका. रुग्णांच्या नळ्यांसारखाच क्रमांक द्या आणि यादी स्वतःजवळ ठेवा.